जिप्सीच्या गिअरबॉक्समध्ये परत परत दुधाळ ऑइल, पाणी येतंय कुठून?

बफरवाला_चंद्रपूर

नमस्कार मंडळी. माझी मारुती जिप्सी किंग आहे, एमपीएफआय (पेट्रोल इंजेक्शनची), २००९ चं मॉडेल. टप काढलेलं, मागे सफारीच्या उंच सीटा. ताडोब्यात मोहर्लीच्या बाजूनं चालते. कोअर, म्हणजे जंगलाचा आतला भाग, १ जुलैपासून बंद झालं, आता ३० सप्टेंबरपर्यंत बंदच. पण बफर, म्हणजे त्याच्या भोवतालचा पट्टा, सुरू असते, म्हणून आगरझरी, जुनोना इकडं पावसातही फेऱ्या होऊन राहिल्या आहेत.

त्रास असा आहे. सकाळी पहिल्या फेरीला दुसरा गिअर खर्रकन घासत पडते. क्लच पूर्ण दाबला तरी तेच. गाडी गरम झाली की कमी होते. ट्रान्सफरचा, म्हणजे फोर बाय फोर लावायचा, लिव्हर पण जड झाला आहे, ४एल (चारही चाकं, हळू गिअर) मध्ये टाकाले दोन्ही हात लावा लागतात.

गॅरेजमध्ये नेली. त्यानं गिअरबॉक्सचा खालचा बोल्ट खोलला तर चहासारखं ऑइल बाहेर आलं. तो म्हणाला, नाल्यातलं पाणी गेलं, सगळ्याच सफारी गाड्यांले होते. नव्वद नंबरचं ऑइल भरून दिलं. पैसे दिले, घरी आलो. थोड्याच दिवसांत दुसरा गिअर परत घासू लागला. मी स्वतः वरचा बोल्ट खोलून बोट घालून पाहिलं तर रंग परत तोच!

आमच्याकडं नाले आहेत, हे खरं. पण एवढ्यात काही मोठं पाणी पार केलं नाही. टायरच्या अर्ध्यापर्यंत, जास्तीत जास्त. बाकीच्या गाड्या तिथूनच जातात, त्याइले काही झालं नाही.

आता ऑइल मी स्वतःच बदलणार आहे. मले इतकं सांगजा: कोणतं ऑइल, किती लिटर, ट्रान्सफर केसचं वेगळं बदलावं लागते का, आणि पाणी काहून जाऊन राहिलं. गाडीवर घर चालते, म्हणून विचारतो.

कऱ्हांडला_४बाय४

भाऊ, आमच्याकडं उमरेडच्या बाजूला सगळे एकच करतात. जुनं ऑइल काढायचं, लिटरभर डिझेल टाकायचं, पाच-सात किलोमीटर गाडी फिरवायची, डिझेल काढून टाकायचं. आतून एकदम साफ होते. मग नव्वदच्या ऐवजी एकशेचाळीस टाका. आपल्याकडचा उन्हाळा म्हणजे पंचेचाळीसच्या वर, नव्वद पाण्यासारखं पातळ होते. एकशेचाळीसनं आवाज पण दबते. माझी गाडी तशीच चालून राहिली आहे.

ईएमई_सातारा

बफरवाला भाऊ, ऑइल भरायची घाई करू नका. पाणी येण्याची वाट बंद केल्याशिवाय कितीही भारी डबा ओतलात तरी परत तोच रंग दिसणार.

मी फौजेत ईएमईमध्ये (गाड्या-यंत्रं दुरुस्त करणाऱ्या शाखेत) होतो, जिप्सीवर बरीच वर्षं हात चालवलाय. आता कोरेगाव तालुक्यात गावी असतो आणि आजूबाजूच्या जुन्या जीप-जिप्सी अजून बघतो. ह्या गाडीवर माझा जीव आहे. नीट ठेवली तर ती तुमच्या मुलालाही चालवता येईल, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

जिप्सीच्या पोटाखाली ऑइलच्या चार सुट्या पेट्या आहेत: गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस (गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या चाकांकडे देणारी पेटी), पुढचं डिफरन्शियल आणि मागचं डिफरन्शियल (दोन चाकांच्या मधल्या गिअरच्या पेट्या). पुष्कळ फोर बाय फोर गाड्यांत ट्रान्सफर केस गिअरबॉक्सच्या पाठीलाच जोडलेली असते. जिप्सीत ती अलग टांगलेली आहे, मधे आखूड प्रोपेलर शाफ्ट. एकीचं ऑइल दुसरीत जाऊच शकत नाही. म्हणजे तुमच्या गॅरेजवाल्यानं फक्त गिअरबॉक्स रिकामा केला असेल तर ट्रान्सफर केसमध्ये अजून जुनंच आहे. लिव्हर जड होण्याचं एक कारण तिथंच असू शकतं.

आणि कोणी सांगेल की तुम्ही फोर बाय फोर क्वचित लावता, ट्रान्सफरचं ऑइल कशाला बदलता, तर ऐकू नका. जिप्सीत २एच (फक्त मागची चाकं) मध्येसुद्धा इंजिनाची ताकद ट्रान्सफर केसच्या दातांमधूनच मागच्या चाकांकडे जाते. हाय रेंजचं गुणोत्तर १.४०९ आहे, सरळ एकास एक नाही. लो मध्ये २.२६८. म्हणजे गाडी हलली की ते गिअर काम करतातच, डांबरी रस्त्यावरसुद्धा.

आता पाण्याचं. चार पेट्या सुट्या आहेत, तर चौघींची साक्ष काढा. जमिनीच्या सगळ्यात जवळ दोन्ही डिफरन्शियल. गिअरबॉक्स त्यांच्यापेक्षा बराच वर. नाल्याचं पाणी शिरलं असेल तर पहिला मान डिफरन्शियलचा. चालून तापलेलं डिफरन्शियल गार पाण्यात बुडालं की आतली हवा आकसते आणि ब्रीदर (पेटीतली हवा आत-बाहेर करणारी नळी) चिखलानं बुजला असेल तर ते पाणी सीलमधून आत ओढून घेतं. म्हणून चारही ठिकाणचं ऑइल बघा. डिफरन्शियल स्वच्छ आणि गिअरबॉक्स दुधाळ असं निघालं, तर पाणी खालून आलेलं नाही. वरून आलंय. मग वर शोधायचं.

बघायचं असं. गाडी रात्रभर सपाट जागी उभी ठेवा. सकाळी स्टार्ट न करता खालचा बोल्ट अगदी जरासा सैल करा, काढू नका. सुटं पाणी असेल तर रात्रभरात तळाला बसलेलं असतं, आधी तेच टपकेल. टपकलं की परत आवळा. हे चारही पेट्यांना करा आणि इथं लिहा.

पण त्याच्याही आधी एक काम, आणि हे माझं सगळ्यात कळकळीचं सांगणं आहे: वरचा, म्हणजे ऑइल भरायचा बोल्ट आधी खोलून बघायचा. खालचा नंतर. वर्षानुवर्षं न खोललेला भरायचा बोल्ट जाम होतो. खालचा काढून सगळं ऑइल सांडून बसलात आणि वरचा निघालाच नाही, तर गाडी जागेवर अडकली. जंग उतरवायचा स्प्रे आदल्या रात्री मारून ठेवा, बरोबर मापाचा पाना किंवा सॉकेट घ्या, घसरणारा पाना लावू नका. गिअरबॉक्सची बॉडी अॅल्युमिनियमची आहे, बोल्ट पोलादी. आवळताना पाइप लावून जोर केला की आटे जातात आणि मग हजारोंचं काम निघतं.

गाडीखाली शिरायचं तर जॅकवर कधीच नाही. घोड्या (गाडी टेकवायचे स्टँड) लावा, चाकांना ठोकळे लावा, हँडब्रेकवर विसंबू नका. खरं तर जिप्सी इतकी उंच आहे की जॅकशिवायही खाली सरकता येतं आणि तेच उत्तम. एकाच बाजूनं उचललेल्या गाडीत ऑइलची पातळी चुकीची दिसते.

ऑइल काढायचं ते मात्र गाडी आठ-दहा किलोमीटर चालवून कोमट असताना. गार ऑइल भिंतींना धरून राहतं, घाण पण आतच राहते. मापाच्या भांड्यात काढा. गिअरबॉक्समध्ये साधारण १.३ लिटर बसतं, ट्रान्सफरमध्ये ०.८. जास्त निघालं तर तेवढं पाणी. कमी निघालं तर कुठून तरी गळतंय.

निघालेलं ऑइल फेकायच्या आधी उन्हात धरून बघा. बोटांना राखाडी, मऊ लोणी लागलं तर ती नेहमीची झीज. सोनेरी चकाकी दिसली तर ती पितळेची, सिंक्रो रिंगांची, म्हणजे गिअर पडताना वेग जुळवणाऱ्या रिंगांची. पोलादाचा टोकदार तुकडा मिळाला तर गाडी फेरीला लावू नका, दात किंवा बेअरिंग गेलंय.

कोणतं ऑइल? गिअरबॉक्स आणि ट्रान्सफरला ७५डब्ल्यू-९० किंवा ८०डब्ल्यू-९० (ही जाडी), जीएल-४ (ही ऑइलची प्रत). दोन्ही डिफरन्शियलना ८०डब्ल्यू-९०, जीएल-५. 'नव्वद नंबर' म्हणून मागू नका, नव्वद तर दोघांतही असतं. डब्याच्या मागे एपीआयच्या पुढं काय छापलंय ते वाचा. डिफरन्शियलमध्ये हायपॉइड गिअर असतात, दात एकमेकांवरून घसरत फिरतात, त्यांना जीएल-५ मधली गंधक-फॉस्फरसची जास्त मात्रा लागते. तीच जास्तीची मात्रा गिअरबॉक्समधल्या पितळी रिंगांना बाधू शकते. शिवाय सिंक्रो रिंग गिअरच्या शंकूसारख्या भागाला घासून वेग जुळवते. ऑइल फार निसरडं असलं तर तिला पकड मिळत नाही आणि गिअर खर्र करतो. गॅरेजमध्ये मोठ्या ड्रममधलं एकच ऑइल चारही ठिकाणी भरतात. तुमच्या गाडीत आत्ता काय भरलंय ते विचारून घ्या.

कऱ्हांडलाकर, रागावू नका, पण तुमच्या दोन्ही गोष्टी मला पटत नाहीत. डिझेलला गिअरना पुरेल इतका वंगणाचा गुण नाही. ते घालून पाच-सात किलोमीटर चालवलं म्हणजे बेअरिंग आणि दात कोरडे घासले. धुवायचंच तर त्याच जातीचं साधं ऑइल भरा, वीस-पंचवीस किलोमीटर हळू चालवा, काढून टाका, मग शेवटचं चांगलं भरा. आणि एकशेचाळीस? नव्वद हा आकडा शंभर अंश सेल्सिअसला मोजलेल्या जाडीचा आहे. बाहेर पंचेचाळीस अंश असले म्हणून ते पाण्यासारखं होत नाही, ते त्याहून गरम गिअरबॉक्ससाठीच बनवलेलं आहे. एकशेचाळीसनं आवाज दबतो तो जाडीमुळे. पण सकाळी गार असताना सिंक्रो रिंगेला तो जाड थर कापता येत नाही. लेहला थंडीत जाड ऑइलवर गिअर पडायचाच नाही, ते मी हातानं अनुभवलंय. दुसरा गिअर सकाळी घासणाऱ्या गाडीत एकशेचाळीस घालणं म्हणजे रोग वाढवणं.

तर आधी चार साक्षी काढा. मग पुढचं बोलू.

बफरवाला_चंद्रपूर

काका, खूप खूप आभार. इतकं सविस्तर कोणी सांगत नाही. सांगितलं तसंच केलं.

भरायचे चारही बोल्ट आधी खोलले. ट्रान्सफरचा फार जाम होता, स्प्रे मारून रात्रभर ठेवला तेव्हा निघाला. मग खालचे बोल्ट सैल केले.

मागचं डिफरन्शियल: ऑइल काळं, पण पाणी नाही. पुढचं: तेही स्वच्छ. ट्रान्सफर: थोडं गढूळ, एक-दोन थेंब पाणी. गिअरबॉक्स: आधी चांगलं चमचाभर पाणी टपकलं, मग दुधाळ ऑइल.

म्हणजे तुम्ही म्हणता तसं वरूनच! पण वरून म्हणजे कुठून? गिअरबॉक्सचा ब्रीदर पाहिला, त्याले थोडी माती होती, ती साफ केली.

ऑइल उन्हात पाहिलं. सोनेरी चकाकी आहे, बारीक. पोलादाचा तुकडा नाही. गॅरेजवाल्याले फोन केला, त्यानं सांगितलं की ड्रममधलं होतं, कोणतं ते त्याले पण माहीत नाही.

एक सांगायचं राहिलं. गाडीले टप नाही, म्हणून पावसात फ्लोअरवर पाणी साचते. आणि दर फेरीनंतर चिखल असते, तर मी सीटा आणि फ्लोअर पाइपनं धुतो. पर्यटक स्वच्छ गाडी पाहतात.

ईएमई_सातारा

भाऊ, सापडलं! मॅट उचला आणि दोन्ही लिव्हरच्या बुडाशी बघा.

गिअर लिव्हर फ्लोअरमधून जिथं वर येतो तिथं वरचं मोठं रबरी बूट असतं. त्याच्या खाली, थेट गिअरबॉक्सवर, आणखी एक लहान बूट असतं. टपाच्या गाडीत हे दोन्ही फाटले तरी फार फार तर धूळ आणि इंजिनाचा आवाज आत येतो, म्हणून कोणी लक्ष देत नाही. तुमच्या उघड्या गाडीत फ्लोअर म्हणजे परात झाली आहे. पावसाचं आणि धुण्याचं पाणी तिथं साचतं आणि फाटलेल्या बुटातून लिव्हरच्या कडेनं सरळ गिअरबॉक्सच्या डोक्यावर पडतं. लिव्हरची टोपी जिथं बसते तिथून आत. बाकीच्या गाड्यांना तोच नाला पार करून काही होत नाही ते म्हणूनच. ट्रान्सफरच्या लिव्हरचं पण तसंच, फक्त तिथलं बूट जरा बरं असेल म्हणून थेंबच सापडले.

लहान बूट वर करा. लिव्हरची टोपी खाली दाबून डावीकडे फिरवली की सुटते आणि लिव्हर वर निघतो. स्प्रिंग आहे, हात ठेवूनच सोडा. आधी आजूबाजूची माती पुसून घ्या, उघड्या गिअरबॉक्समध्ये खडा पडता कामा नये. लिव्हरच्या टोकाला नायलॉनचं बुश असतं, ते झिजलं असेल तर लिव्हर ढिला होऊन गिअर अर्धवट पडतात. ते स्वस्त आहे, हात लागलाय तर बदलून टाका. लिव्हर बाहेर आहे तोवर भोकावर स्वच्छ कापड ठेवा.

नवीन बूट बसवताना दोन्ही क्लॅम्प नीट आवळा. माझ्या अंदाजानं तुमच्या खालच्या बुटाचा क्लॅम्प गेलेला असणार. वरच्या मोठ्या बुटाच्या पट्टीखाली रबरी सीलंटचा बारीक थर द्या. आणि फ्लोअरला पाणी जायची जी भोकं आहेत त्यांचे बुच मोकळे करा, पाणी साचायलाच नको.

धुणं थांबवू नका, पर्यटकाला स्वच्छ गाडी मिळालीच पाहिजे. फक्त लिव्हरच्या आसपास पाइप न धरता ओल्या फडक्यानं पुसा. वॉशिंग सेंटरला नेत असाल तर त्यांना खालून प्रेशर मारताना सील आणि ब्रीदरवर थेट मारू देऊ नका. फेरीहून आल्या आल्या, गाडी तापलेली असताना तर नाहीच. तापलेल्या पेटीवर गार पाण्याचा झोत म्हणजे नाला पार केल्यासारखंच आहे.

आता ऑइल. जीएल-४ चे सव्वाचार लिटर लागतील, कारण दोनदा भरायचंय. पहिल्यांदा साधं, स्वस्तातलं, पण जीएल-४ च. वीस-पंचवीस किलोमीटर हळू फिरवा, सगळे गिअर वापरा, ट्रान्सफर ४एच ला आणि ४एल ला मऊ मातीवर एकेकदा लावा, म्हणजे कोपऱ्यातलं पाणी त्या ऑइलबरोबर येईल. काढा, रंग बघा. अजून दुधाळ असेल तर आणखी एकदा. पिवळसर, स्वच्छ निघालं की चांगलं भरा.

भरताना बाजूच्या भोकापर्यंत डबा पोचत नाही, ही सगळ्यांची अडचण. फनेलला हातभर पारदर्शक पाइप लावा, पाइप भोकात घाला आणि फनेल वर बोनेटमधून किंवा लिव्हरच्या उघड्या भोकातून धरा. नाहीतर ग्रीसगनसारखी ऑइलची पिचकारी मिळते, एकट्यानं काम करायचं तर ती घ्या. भोकातून ऑइल बाहेर ओघळायला लागलं की थांबा. ओघळ थांबून थेंब थेंब झाला की बोल्ट. लिटरचा आकडा अंदाजासाठी आहे, पातळी भोकच ठरवतं. जास्त ठासलं तर सीलवर दाब येऊन गळती सुरू होते. बोल्टाच्या आट्यांना सीलंट लावा, आणि दुसऱ्या दिवशी खाली पुठ्ठा टाकून बघा, डाग पडतो का.

डिफरन्शियलचं ऑइल काळं झालंय म्हणालात, तर सीझन सुरू व्हायच्या आत तेही बदला. पुढच्यात साधारण दोन लिटर, मागच्यात दीड. तिथं जीएल-५.

मुळशी_जिप्सी

काकांच्या उत्तरात दोन गोष्टी जोडते. माझीही जिप्सी आहे, ऑइल आणि ब्रेकची कामं मी आणि माझा भाऊ घरीच करतो.

एक, ब्रीदर साफ केलेत ते छान, पण पावसाळ्यात नाले ओलांडणाऱ्या गाडीत ब्रीदरला ऑइलला चालणारा रबरी पाइप जोडून वर नेलेला बरा. मी डिफरन्शियलचे दोन्ही आणि ट्रान्सफरचा असे पाइप बोनेटच्या आत बॅटरीच्या उंचीला नेऊन बांधलेत. टोकाला छोटा पेट्रोल फिल्टर लावलाय, धूळ आत जात नाही. पाइपला कुठंही खोलगट झोका राहू देऊ नका, तिथं पाणी साठून तो बुजतो. मागच्या अॅक्सलच्या पाइपला चाक वर-खाली होईल इतकी मोकळीक ठेवा, नाहीतर पहिल्याच खड्ड्यात उपटून येतो.

दुसरं, ४एल जड पडतं त्याबद्दल. गाडी पूर्ण थांबवून, क्लच दाबूनच लिव्हर टाकता ना? आणि फोर बाय फोर लावून कडक रस्त्यावर वळण घेतलं असेल तर पुढच्या-मागच्या चाकांच्या वेगातला फरक शाफ्टमध्ये पीळ होऊन बसतो आणि लिव्हर निघत नाही. तेव्हा ताकद लावू नका. दोन-तीन फूट सरळ रिव्हर्स घ्या, पीळ सुटतो, लिव्हर बोटानं येतो. नवीन ऑइलनंतरही जड राहिला तर लिव्हरच्या बुडाचं बुश आणि गंज बघा.

हो, आणि पुढच्या चाकांच्या नकलवर (चाक वळवणाऱ्या सांध्यावर) हात फिरवून बघा. बाहेरून ऑइलट चिकट असेल तर आतलं अॅक्सल सील गेलंय आणि डिफरन्शियलचं ऑइल नकलमधल्या ग्रीसमध्ये मिसळतंय. जिप्सीत हे फार सर्रास होतं. पुढचं ऑइल बदलायला घेताय तर आधी हे बघून घ्या, नाहीतर नवीन भरलेलं हळूहळू तिकडंच जाईल.

बफरवाला_चंद्रपूर

काका, ताई, दोघांचेही आभार. मॅट उचलली. वरचं बूट मागच्या बाजूनं पूर्ण चिरलेलं, आणि खालच्या बुटाचा क्लॅम्पच नाही! नुसतं अडकवून ठेवलेलं. लिव्हर काढला तर टोपीखाली चिखलाचं पाणी. चंद्रपूरच्या दुकानात बूट मिळाले नाहीत, नागपूरवरून मागवले. बुश पण बदललं.

दोनदा भरून काढलं. दुसऱ्यांदा एकदम स्वच्छ निघालं. आता चांगलं जीएल-४ भरलं आहे. त्यानंतर जोरदार पाऊस झाला, फेऱ्या झाल्या. काल भरायचा बोल्ट खोलून पाहिलं, ऑइल जसंच्या तसं. ट्रान्सफरचा लिव्हर एका हातानं पडते. नकल कोरडे आहेत.

दुसरा गिअर पुष्कळ सुधारला. पण सकाळी अगदी पहिल्यांदा टाकतो तेव्हा अजून थोडा घासते. आणखी काही करा लागेल का? आणि हे निघालेलं चार-पाच लिटर ऑइल काय करू? गावातले बैलबंडीच्या चाकांले मागून राहिले आहेत.

ईएमई_सातारा

छान केलंत. वाचून बरं वाटलं.

राहिलेली घासघास ऑइलची नाही. ती सोनेरी चकाकी बघितलीत ना, तेवढी दुसऱ्या गिअरची सिंक्रो रिंग झिजली आहे. दुधाळ ऑइलवर चालल्यावर ते होणारच. ती ऑइलनं परत येत नाही, बदलावीच लागते, आणि डब्यात टाकायची कुठलीही औषधी बाटली घेऊन पैसे घालवू नका. तोवर दुसरा गिअर घेताना घाई करू नका: पहिल्यातून न्यूट्रल, क्षणभर थांबा, मग दुसरा. रिंगेला तेवढा वेळ मिळाला की घासणार नाही. सकाळचा पहिला किलोमीटर इंजिन फार ओढू नका.

जुनं ऑइल बंडीच्या चाकांना देऊ नका. त्यात पाणी आहे, पितळेचा चुरा आहे, आणि शेवटी ते सांडणार शेतात नाहीतर नाल्यात. तुमचं जंगल त्याच नाल्याचं पाणी पितं. २०१६ च्या घातक कचऱ्याच्या नियमांत वापरलेलं ऑइल येतं. घट्ट झाकणाच्या कॅनमध्ये भरा आणि परवानाधारक रिसायकलरला माल देणाऱ्या मोठ्या वर्कशॉपमध्ये द्या. मोहर्लीतल्या सगळ्या जिप्सीवाल्यांनी मिळून एक ड्रम ठेवलात तर उचलायला गाडीही येईल.

गिअरबॉक्स उघडायचं काम सप्टेंबरमध्ये करा, कोअर १ ऑक्टोबरला उघडायच्या आत. जिप्सी सामान्य ग्राहकांसाठी २०१९ मध्ये बंद झाली, सुटे भाग आता शोधून आणावे लागतात. म्हणून रिंगा, इनपुट शाफ्टचं सील आणि गॅस्केट आधी हातात येऊ द्या, मगच गिअरबॉक्स खाली उतरवा. उतरवलाच आहे तर क्लच प्लेट, रिलीज बेअरिंग आणि इंजिनाचं मागचं सीलही त्याच वेळी बघून घ्या, परत उतरवायची मजुरी वाचेल. रिंगांचं माप घेताना जुनी रिंग सोबत न्या. चार गिअरच्या जुन्या जिप्सीची रिंग दुकानदार पाच गिअरच्या किंगसाठी देतात, ती घेऊ नका.